सात दात, अकरा फेऱ्या आणि एक थाप

तान्ह्या पोळ्याला आमच्या नागपुरात लहान पोरं लाकडी नंदीबैल ओढत घरोघरी जातात आणि बोजारा गोळा करून आणतात. कुणी दहाची नोट देतं, कुणी चॉकलेट, कुणी बिस्किटाचा पुडा. 2023च्या तान्ह्या पोळ्याला आमची चिऊ (हे घरातलं नाव, खरं देत नाही, मोठी झाल्यावर भांडेल) वीतभर उंचीचा बैल घेऊन कॉलनीतली चौदा घरं फिरली. तेव्हा ती पावणेचार वर्षांची होती. त्या रात्री दोन वाजता ती डावा गाल हातात धरून अंथरुणात उठून बसली. रडत नव्हती. म्हणाली, "आई, इथे आत कोणीतरी ठोकतंय."

सासूबाई उठल्या, लवंगेच्या तेलात कापसाचा बोळा बुडवून आणला आणि दाताला लावला. तेल हिरडीवर पसरलं आणि मग मात्र चिऊ जी किंचाळली, ती शेजारच्यांचा दिवा लागेपर्यंत. शेवटी तापासाठी घरात असलेलं पॅरासिटामॉल बालरोगतज्ज्ञांनी वजनावरून लिहून दिलेल्या मापाने पाजलं. चारच्या सुमाराला ती झोपली, माझ्या दंडावर गाल दाबून.

सकाळी सगळ्या घराने एकमताने खापर बोजाऱ्यातल्या चॉकलेटांवर फोडलं. मीही फोडलं. पण मला आतून ठाऊक होतं की दात एका दिवसात किडत नाही. माझ्याकडे पुरावाच होता. तिच्या दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो मी त्या सकाळी मोठे करून पाहिले. केकवर फुंकर मारताना वरचे चार पुढचे दात स्वच्छ दिसत होते आणि हिरडीला लागून प्रत्येकावर खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. तेव्हा मी ती पाहिली होती. दूध चिकटलं असेल असं समजून ओल्या फडक्याने पुसलीही होती. ती रेघ म्हणजे कीड लागण्याची पहिली पायरी असते, आणि त्या टप्प्यावर दात चक्क सावरता येतो, हे मला पावणेदोन वर्षं उशिरा कळलं.

दुसरी चूक एकट्या माझी नाही. पोळ्याआधीच्या मार्चमध्ये खालच्या डाव्या दाढेत पेरूची बी अडकली म्हणून मोबाइलच्या टॉर्चने पाहत होते, तेव्हा दोन दाढांच्या मधे तपकिरी खड्डा दिसला. मी तिला घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आरसा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "दुधाचे दात आहेत, पडूनच जाणार. गोड कमी करा." फी घेतली नाही. आम्ही खूश होऊन परतलो. घरी सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं. त्या यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या, बोली अजून तिकडचीच. "दुधाचेच तं दात आहेत, पडतीन आपोआप. काहाले पोरीले दवाखान्यात नेतं?" डॉक्टर आणि सासूबाई यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं हा योग आमच्या घरात दुर्मिळ, म्हणून मी गप्प बसले.

ती दाढ पडणार होती हे खरंच. फक्त ती दहाव्या-अकराव्या वर्षी पडणार होती. म्हणजे पुढची सहा-सात वर्षं चिऊने त्या दाढेनेच पोळी चावायची होती. हा हिशेब तेव्हा कुणी मांडून दाखवला नाही आणि मीही विचारला नाही.

पोळ्यानंतर तीन दिवसांनी दुखणं थांबलं. अगदी बंद. चिऊ दोन्ही बाजूंनी चावायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "पाय, झाली ना बरी." पाचव्या दिवशी दात घासताना त्या दाढेखाली हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी पिवळट पुटकुळी दिसली. बालरोगतज्ज्ञांना फोटो पाठवला. त्यांनी सरळ सांगितलं, की आतली नस मेली म्हणून दुखायचं थांबलंय, पू बाहेर यायला वाट शोधतोय, आणि नुसत्या गोळ्या-औषधांनी हे मिटणार नाही. मग म्हणाले, "लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे जा." असे वेगळे डॉक्टर असतात हेच मला माहीत नव्हतं. बीडीएस झाल्यावर आणखी तीन वर्षं फक्त मुलांच्या दातांचं शिकलेले. पीडोडॉन्टिस्ट. हा शब्द सासूबाईंनी शेवटपर्यंत 'पेडावाली' असाच उच्चारला.

पहिल्या दिवशी मॅडमनी काहीही केलं नाही. चिऊला खुर्चीत न बसवता माझ्या मांडीवर बसवलं, तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर टेकवून घेतलं आणि दात मोजले. वीस. मोजताना मदतनीस मुलगी कागदावर खुणा करत होती. मग दोन छोटे एक्स-रे. तेवढ्यात चिऊला उमासा आला आणि माझा कुर्ता गेला. निकाल असा: वरचे पुढचे चारही दात किडलेले, खाली डावीकडच्या दोन्ही दाढा, उजवीकडची एक. सात. खालचे पुढचे दात मात्र मोत्यासारखे. असं का, विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "बाटली तोंडात असते तेव्हा जीभ खालच्या दातांवर पांघरूण घालते. दूध वरच्यांवर साचतं." मी अजून बाटलीचं नावही काढलं नव्हतं.

हो, बाटली होती. जवळपास तीन वर्षांची होईपर्यंत. मी नोकरीवर परत गेले तेव्हा ती अकरा महिन्यांची होती, आणि संध्याकाळी सातला घरी आल्यावर स्वयंपाक, उद्याची तयारी आणि तिला झोपवणं यात बाटलीने दहा मिनिटांत झोप लागायची. दुधात एक चमचा साखर. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणजे तोंड धुणारंही कोणी नाही, आणि दूध रात्रभर दातांशी बसून राहतं. हे सगळं ऐकताना मी मॅडमच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या जबड्याकडे पाहत होते, त्यांच्याकडे नाही.

घरी जाताना त्यांनी एक काम दिलं. तीन दिवस चिऊच्या तोंडात जे जे जाईल ते वेळेसकट लिहायचं. मी मनात म्हटलं, चॉकलेट तर आठवड्यातून एकदा देतो, यात काय निघणार? निघालं ते असं: उठल्यावर दूध-बिस्कीट, शाळेचा डबा, शाळेतून येताना केळं, जेवण, दुपारी झोपून उठल्यावर राजगिऱ्याचा लाडू, आजोबांच्या चहात बुडवलेला टोस्ट, खेळून आल्यावर संत्र्याचा रस, जेवण, झोपताना दूध. नऊ वेळा. यात 'वाईट' असं एकही नाही, उलट राजगिऱ्याच्या लाडवाचा तर मला अभिमान होता. मॅडमनी त्या कागदावर पेन्सिलीने नऊ गोल केले. गोड किंवा पिठूळ काहीही खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात, ते साधारण अर्धा तास दाताचं वरचं कवच झिजवतं, मग लाळ हळूहळू भरपाई करते. दोन खाण्यांमधे वेळच नसेल तर लाळेने भरपाई कधी करायची? किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे महत्त्वाचं. दुधाच्या दातांचं कवचही कायमच्या दातांपेक्षा खूप पातळ, आणि आतली नस दाताच्या मानाने मोठी. म्हणून मार्चमधला खड्डा सप्टेंबरात नसेपर्यंत पोचला होता.

दूध आणि बिस्कीट. ज्या घरात पोर जेवत नाही म्हणून बाई रडकुंडीला येते, त्या प्रत्येक घरातलं हुकमाचं पान.

मग पेस्टचा विषय निघाला आणि इथे आमच्या घराचा इतिहास आडवा आला. नवऱ्याचे चुलतभाऊ केळापूरकडेच वाढले, बोअरवेलच्या पाण्यावर. यवतमाळ जिल्ह्याच्या त्या भागात जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराईड फार. लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही चांगल्या पाण्याची मर्यादा, फारच नाइलाज असेल तर 1.5. तिथल्या कित्येक गावांतल्या विहिरी-बोअरवेल याच्या वर. दोघा चुलतभावांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, थोरला लग्नाच्या फोटोतही ओठ मिटून उभा आहे. त्यामुळे 'फ्लोराईड' हा शब्द सासरी विषासारखाच उच्चारला जातो. चिऊचे दात यायला लागल्यावर आम्ही मुद्दाम महागडी, पुडक्यावर ठळक अक्षरांत 'फ्लोराईडमुक्त' लिहिलेली स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट आणत होतो. काळजी घेत होतो आम्ही!

मॅडमनी हसून टाळलं नाही, हे मला आवडलं. त्यांनी विचारलं, तुम्ही आता कुठलं पाणी पिता? नागपूरला नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी, नदीचं. म्हणाल्या, दात हिरडीच्या आत घडत असताना वर्षानुवर्षं पोटात गेलेलं फ्लोराईड दातावर डाग पाडतं, आणि दाताला वरून लागलेलं थोडं फ्लोराईड त्याच दाताला टणक करतं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीननंतर वाटाण्याएवढी, 1000 पीपीएमची, आणि थुंकायला शिकवायचं. पुडक्यावर पीपीएमचा, म्हणजे फ्लोराईडच्या प्रमाणाचा, आकडा शोधायचा, कार्टून नाही. सासूबाईंना हे पटवायला मला दोन महिने लागले. पटलं असंही नाही. त्या अजून वाटाणा म्हटलं की तुरीचा दाणा दाखवतात.

उपचारांचे दोन रस्ते होते. एक, इस्पितळात भूल देऊन सातही दातांचं काम एका झटक्यात. सहा तास उपाशी ठेवायचं, भूलतज्ज्ञ, दिवसभराची भरती. दुसरा, जागेपणी, खुर्चीत, थोडंथोडं. नवऱ्याला पहिला हवा होता. "एकदाच काय तो त्रास." मला भूल या शब्दाचीच धडकी भरत होती. मॅडम म्हणाल्या, "ती दोन वर्षांची असती तर मीच भूल सुचवली असती. चार व्हायला आली आहे, बोलते, ऐकते. प्रयत्न करू. नाही जमलं तर भूल आहेच, त्यात हार मानण्यासारखं काही नाही." आम्ही दुसरा रस्ता धरला आणि पुढच्याच आठवड्यात मी तो स्वतःच्या हाताने उखडला.

झालं असं, की जाताना चिऊने विचारलं, "सुई देणार का?" आमच्या घरात सुई हा बागुलबुवा होता. जेवली नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील, हे वाक्य नवरा, सासरे, मी, सगळ्यांनी वापरलेलं. आणि आता मी म्हणाले, "नाही गं, सुई नाही. काही दुखणार नाही. डॉक्टरमावशी फक्त गोष्ट सांगणार."

त्या दिवशी मॅडमनी हिरडीला गोड चवीचं जेल लावलं, दोन मिनिटं थांबल्या, सुई तिला दिसणार नाही अशा बेताने हात आणला. टोचलं तेवढंच, पण टोचलं. चिऊने तोंड मिटलं ते मॅडमच्या बोटावर. मग लाथा, मग उलटी. मी तिचे हात धरायला पुढे झाले तर मॅडमनीच थांबवलं. "नको. आज नाही." हातमोजे काढून त्या स्टुलावर बसल्या आणि तिला रडू दिलं.

गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मेडिकल चौकाच्या सिग्नलला म्हणाली, "तू खोटं बोललीस." मी म्हटलं, "अगं, मला वाटलं..." ती म्हणाली, "नाही. तुला माहीत होतं."

त्यानंतर तीन आठवडे तिने मला तोंडात ब्रश घालू दिला नाही. आजीला दिला, बापाला दिला, मला नाही.

मॅडमना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी ओरडण्याऐवजी शब्दांची यादी दिली. सुई, टोचणं, ड्रिल, रक्त आणि 'दुखणार नाही' हे सगळे बाद. 'दुखणार नाही' ऐकलं की मूल त्यातला 'दुखणार' तेवढाच ऐकतं. त्याऐवजी 'दात झोपवायचं औषध, चिमटा बसेल, मी पाच मोजेपर्यंत'. ड्रिल म्हणजे शिट्टी मारणारा शॉवर. लाळ ओढणारी नळी म्हणजे तहानलेला हत्ती. आणि खुर्चीत बसण्याआधी मी तिची माफी मागायची. खरीखुरी. मी मागितली, पलंगावर बसून. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता किती दुखेल?" मी म्हटलं, "चिमटा." तिने स्वतःच्या दंडाला चिमटा काढून पाहिला. "एवढा?" "एवढाच."

पुढच्या दोन फेऱ्यांत नुसता सराव. खुर्ची वर, खुर्ची खाली. शॉवरचं पाणी आधी मॅडमच्या नखावर, मग चिऊच्या नखावर, मग बाहुलीच्या दातावर, मग एका चांगल्या दातावर. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, यात एकही पायरी गाळायची नाही. नवरा बाहेर बसून घड्याळ बघत होता. दोनदा फी दिली आणि दात एकही बरा झाला नाही, असं त्याचं गणित. मला विचाराल तर सगळ्यात कामी आलेले पैसे तेच.

वरच्या चार दातांचं काम आधी झालं, कारण त्यात टोचायचं नव्हतं. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड नावाचं पाण्यासारखं औषध छोट्या ब्रशने किडीवर लावतात. चांदी जंतू मारते, फ्लोराईड दात टणक करतं, कीड जागच्या जागी थांबते. मिनिटभराचं काम. पण किडलेला भाग काळा होतो. काळाकुट्ट, आणि काळाच राहतो. मॅडमनी आधी फोटो दाखवले होते, सही घेतली होती. दुसरा पर्याय म्हणजे दात कोरून वर पांढऱ्या कॅप, चार दातांच्या चार, म्हणजे पुन्हा सुया. हे पुढचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडणार, म्हणून आम्ही काळे स्वीकारले.

फोटोत पाहणं वेगळं आणि आपल्या पोरीने हसून दाखवणं वेगळं. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अवो माय! पोरीची जात, आन् हे काय करून आणलं?" दिवाळीला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी सरळ विचारलं, "आई नोकरी करते ना?" जणू दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिलेल्या. शाळेतून डायरीत लाल शाईने शेरा आला: 'कृपया मुलीचे दात रोज घासावेत.' त्या शेऱ्याखाली मी चार ओळींचं उत्तर लिहिलं होतं, मग ते पान फाडून दोन ओळींचं लिहिलं. चिऊला स्वतःला काही वाटत नव्हतं. ती कॉलनीत सांगत फिरायची की माझ्या दातांना काजळ लावलंय.

डाव्या दाढेचं रूट कॅनाल दोन फेऱ्यांत झालं. दुधाच्या दाताच्या कामाला डॉक्टर पल्पेक्टॉमी म्हणतात. त्या दिवशी जेल, मग "आता चिमटा, मोज," आणि चिऊने डोळे घट्ट मिटून पाच मोजले. मॅडमनी चारवरच सुई काढली होती. तरी ती पाचपर्यंत गेली. मग दाताला 'रेनकोट' घातला, म्हणजे रबराचा पातळ पडदा, ज्यातून फक्त तेवढी दाढ वर येते, पाणी घशात जात नाही. आतली सडलेली नस केसासारख्या बारीक तारांनी काढली, धुतली, वास आला तो मला दारापाशी आला. पुढच्या खेपेला आत पेस्ट भरली. ही पेस्ट मोठ्यांच्या रूट कॅनालसारखी कायमची नसते. खालून कायमचा दात वर येताना दुधाच्या दाताची मुळं विरघळतात, त्यांच्याबरोबर विरघळेल अशी ती असते. मी विचारलंच, एवढं करण्यापेक्षा दाढ काढूनच टाकली तर? तर मग त्या जागेत तारेचा छोटा अडसर बसवावा लागतो. सहाव्या वर्षी मागून कायमची दाढ येते, ती रिकाम्या जागेकडे सरकते आणि खालच्या दाताला यायला वाटच उरत नाही.

वर स्टीलची कॅप. मॅडमनी ट्रेमधल्या एकसारख्या दिसणाऱ्या कॅपांमधून तिसरी निवडली, दाबली आणि 'चटक' असा आवाज आला. चिऊने आरसा मागितला. "चांदीचा दात!" ती घरी येऊन सगळ्यांना जबडा फाडून दाखवत होती. पांढऱ्या झिर्कोनियाच्या कॅपसाठी आम्हाला सात हजार सांगितले होते, स्टीलला दोन. मागची दाढ कोण बघतंय म्हणून स्टील घेतली, आणि बघणाऱ्यांची रांग लागली.

त्याच दिवशीची फजिती सांगायलाच हवी. बधिरपणा दोनेक तास राहतो, तेवढा वेळ तिच्यावर डोळा ठेवा, असं मॅडमनी दोनदा बजावलं होतं. मी औषधं आणायला खाली उतरले, नवरा फोनवर होता, आणि चिऊने ओठ बधिर झाल्याची गंमत म्हणून तो चावला. चावतच राहिली. दुसऱ्या दिवशी खालचा ओठ लिंबाएवढा. मधे पांढरट चट्टा. मला वाटलं पू झाला, धावत पुन्हा दवाखान्यात. तो पू नव्हता, जखम भरताना तोंडात असाच पांढरा थर येतो. आठवड्याने ओठ जागेवर आला. ती फेरी नाहक, पण अकरांत धरली आहे.

डावीकडची दुसरी दाढ नुसतं सिमेंट भरून भागली. उजव्या दाढेला तर ना सुई लागली, ना शॉवर. आधी दातांच्या फटीत दोन रबरी कड्या घालून चार-पाच दिवस जागा केली, मग किडीसकट दाढेवर कॅप चिकटवून टाकली. कीड आत कोंडली की तिला खायला मिळत नाही, ती वाढायची थांबते. नोर्ना हॉल नावाच्या स्कॉटलंडमधल्या एका दंतवैद्य बाईंनी ही रीत वापरात आणली, म्हणून तिला हॉल टेक्निक म्हणतात. नवरा म्हणाला, म्हणजे उंदराच्या बिळावर फरशी. दोनेक आठवडे चावताना ती बाजू उंच लागत होती, मग आपोआप बसली. नस सुजलेली नसेल तरच हे करता येतं. मार्चमध्ये आलो असतो तर डावी दाढही कदाचित अशीच निभावली असती, असं मॅडम म्हणाल्या नाहीत. मीच मनात म्हणत राहिले.

सगळं मिळून सतरा हजारांच्या आसपास गेले. आरोग्यविम्याने एक रुपया दिला नाही, भरती नव्हती ना. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या मुलाचं असंच काम मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या सरकारी दंत महाविद्यालयात झालं, आमच्या खर्चाच्या मानाने नगण्य पैशांत आणि तितकंच नीट. फक्त प्रत्येक फेरीला त्यांची एक सुट्टी गेली.

घरात काय बदललं? रात्रीचं दूध साखरेशिवाय, कपातून, आणि ब्रशच्या आधी. साखर एकदम बंद केली नाही, दहा दिवसांत चमच्यावरून चिमटीवर आणि चिमटीवरून शून्यावर. लाडू राहिला, पण जेवणाच्या ताटात. आजोबांचा टोस्ट बंद करणं सगळ्यात अवघड गेलं, कारण तो चिऊचा नव्हता, आजोबांचा होता. रात्रीचा ब्रश मीच करते. तिचं डोकं माझ्या मांडीवर, मी मागून, हात तिच्या हनुवटीवर. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हातात ती सफाई येत नाही. पुढच्या तान्ह्या पोळ्याला बोजारा जेवणानंतर एका बैठकीत खायचा, उरलेला वाटून टाकायचा, असा करार झाला. तिने मोडला. उशीखाली दोन टॉफ्या सापडल्या.

आता ती सहाची आहे. काळ्या दातांपैकी खालून ढकलला जाऊन एक पडला, तो तिने काड्यापेटीत ठेवलाय. परवा रात्री ब्रश करताना चांदीच्या दाताच्या मागे, दुसऱ्या दाढेच्याही मागे, हिरडीतून पांढरं टोक दिसलं. पहिली कायमची दाढ. तिच्या वरच्या खाचा फार खोल असतात, पूर्ण वर आली की त्यांत सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, भरून घ्यायचं, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय. मी चिऊला म्हटलं, पुढच्या महिन्यात जायचंय.

"टोचणार?"

"नाही. टोचणार नाही."

ती माझ्या मांडीवरून उठून बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "खरं सांग."

"खरंच. वाळवायला वारा मारतील, मग निळा दिवा. पण चव घाण असते."

"किती घाण?"

"कारल्यापेक्षा कमी."

तिने थोडा विचार केला आणि परत डोकं टेकवलं.